मनगटावर लिहिलेल्या चाली : टॉम मॅटी आणि डिसेंबर १९६५

१२ डिसेंबर १९६५, रविवार. बाल्टिमोरमध्ये धुक्यात खेळला गेलेला अमेरिकन फुटबॉलचा सामना संपला तेव्हा ग्रीन बे पॅकर्सने बाल्टिमोर कोल्ट्सला ४२-२७ असं हरवलं होतं. पॅकर्सच्या पॉल हॉर्नंगने एकट्याने पाच टचडाउन केले होते (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं: सहा गुण, पुढची किक जमली तर आणखी एक). पण कोल्ट्सचे प्रशिक्षक डॉन शुला यांच्यासमोर पराभवापेक्षा मोठी अडचण उभी होती. गॅरी क्वोझोचा खांदा दुखावून तो मोसमातून बाद झाला होता. आणि क्वोझो हा मुळातच बदली क्वार्टरबॅक. पहिल्या पसंतीचा जॉनी युनायटस आधीच्या रविवारी, ५ डिसेंबरला, शिकागो बेअर्सविरुद्ध गुडघा दुखावून बसला होता. साखळीतला शेवटचा सामना शनिवारी, १८ तारखेला, लॉस एंजेलिसला होता. हातात सहा दिवस, त्यातला काही वेळ प्रवासात जाणार, आणि संघात एकही धडधाकट क्वार्टरबॅक नाही.

अमेरिकन फुटबॉल नियमित न पाहणाऱ्यांना या अडचणीचं वजन कळावं म्हणून थोडं सांगायला हवं. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन. प्रत्येक डाउनला सेंटर चेंडू मागे उभ्या क्वार्टरबॅकच्या हातात देतो. याला स्नॅप म्हणतात. पुढे चेंडू धावणाऱ्याच्या हाती सोपवायचा, लांब फेकायचा की स्वतःच पळायचं, हे सगळं त्या एका माणसाच्या हातून होतं. शिवाय त्या काळात बहुतेक चाली क्वार्टरबॅकच मैदानात ठरवायचा. प्रशिक्षकाला क्वार्टरबॅकशी बोलता यावं म्हणून हेल्मेटमधला रेडिओ एनएफएलने, म्हणजे या व्यावसायिक लीगने, १९९४ मध्ये कायमचा आणला. १९५६ मध्ये क्लीव्हलँडने तो प्रयोग केला तेव्हा आयुक्त बर्ट बेल यांनी तो लगेच बंद पाडला होता. म्हणजे १९६५ चा क्वार्टरबॅक हा गोलंदाजाच्या हातात चेंडू देऊन बाजूला होणारा कर्णधार नव्हे. प्रत्येक चेंडू त्यालाच टाकायचा असतो आणि क्षेत्ररक्षणही त्यालाच लावायचं असतं.

तिसरा क्वार्टरबॅक का ठेवला नव्हता? कारण संघात फक्त ४० जणांना जागा होती. आज ती ५३ आहे. चाळिसात बचाव, आक्रमण, किकर, पंटर (डाव अडला की चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देणारा, त्या लाथेला पंट म्हणतात) सगळे बसवायचे म्हटल्यावर, कदाचित वर्षभर मैदानात न उतरणाऱ्या माणसासाठी जागा अडवून ठेवणं प्रशिक्षकांना परवडत नसे. हा धोका सगळेच संघ पत्करत होते. कोल्ट्सच्या बाबतीत तो आठ दिवसांत दोनदा अंगावर आला.

कोणाला उभं करायचं?

शुलांसमोर मोजके पर्याय होते. बॉबी बॉइड ओक्लाहोमा विद्यापीठात क्वार्टरबॅक होता, पण कोल्ट्सच्या बचावफळीत तो इतका मोलाचा होता की त्याला तिथून हलवणं म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं पाडणं. पिट्सबर्गकडे खेळलेला एड ब्राउन त्याच आठवड्यात मिळाला. वय ३७, अनुभव भरपूर, हात अजून चांगला. पण कोल्ट्सच्या चालींची नावं, खुणा, स्नॅपची मोजणी यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. त्यातून मोसमाच्या शेवटी घेतलेला खेळाडू म्हणून पुढे प्ले-ऑफ आलाच तर त्यात त्याला खेळता येणार नव्हतं.

तिसरा पर्याय म्हणजे टॉम मॅटी. वय २६, जर्सी क्रमांक ४१, हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. १९६१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सातव्या क्रमांकावर निवडलेला, पण लेनी मूरसारखा धावपटू समोर असल्याने बऱ्याच वेळा दुय्यम भूमिकेत राहिलेला. ओहायो स्टेटमध्ये वुडी हेज यांच्या हाताखाली तो क्वार्टरबॅक खेळला होता. हेज यांचं आक्रमण जवळजवळ सगळं पळण्यावर उभं असे, त्यामुळे क्वार्टरबॅक असूनही मॅटीचा मुख्य गुण फेकण्याचा नव्हताच. चेंडू घेऊन बाजूला पळायचं आणि जागा दिसली की आत शिरायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं.

शुलांनी मॅटीला निवडलं, आणि हा निर्णय मला पूर्णपणे बरोबर वाटतो. ब्राउनला फेकता येत होतं पण संघाची भाषा येत नव्हती. मॅटीला भाषा येत होती. प्रत्येक चालीत हाफबॅकने काय करायचं हे त्याला माहीत होतं, म्हणजे अर्धी चाल पाठच होती. सहा दिवसांत हात तयार होत नाही. अर्धी पाठ असलेली चाल मात्र पुरी करता येते.

सहा दिवसांत काय बदलावं लागतं

हाफबॅक सेंटरच्या चार-पाच यार्ड मागे, समोर तोंड करून उभा असतो. चेंडू त्याच्याकडे येतो, तो पकडून पळतो. क्वार्टरबॅकला तेच सगळं उलट बाजूने करावं लागतं. हात सेंटरच्या खाली, डोळे बचावावर. स्नॅप हातात आला की पाठ फिरवून चेंडू नेमका धावणाऱ्याच्या पोटाशी टेकवायचा. पहिलं पाऊल चुकलं की दोघांच्या वाटा एकमेकांत अडकतात आणि चेंडू जमिनीवर. कामचलाऊ क्वार्टरबॅकची पहिली चूक बहुतेक वेळा इथेच होते, फेकीत नव्हे. दुसरी चूक स्नॅपच्या मोजणीत होते. कितव्या हाकेला चेंडू निघणार हे अकरा जणांना एकाच वेळी माहीत हवं. आवाज अडखळला की लाइनमधला कुणीतरी आधीच हलतो आणि पाच यार्ड दंड बसतो. तिसरी चूक वेळेची. ३० सेकंदांच्या आत चाल सांगून संघ रचनेत उभा करायचा असतो. युनायटस हे झोपेतही करू शकला असता. पाच वर्षं दुसऱ्याने सांगितलेलं ऐकणाऱ्या माणसाला ते एका आठवड्यात तोंडपाठ होणं कठीण.

त्यावर जो तोडगा निघाला तो आज ओहायोतल्या कँटन इथे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये ठेवलेला आहे. मनगटावर बांधायची एक पट्टी, तिच्यात चाली लिहिलेला कागद, वर पारदर्शक आवरण. शुलांनी चालींची जाडजूड वही बाजूला ठेवली आणि मॅटीला झेपतील तेवढ्याच चाली उरवल्या. मॅटीने हडलमध्ये, म्हणजे चालीआधी जमणाऱ्या संघाच्या घोळक्यात, यायचं, मनगटाकडे बघायचं आणि वाचून सांगायचं. आज अनेक क्वार्टरबॅकच्या हातावर अशी पट्टी दिसते. त्या दिवशी ती पाठांतराची उणीव भरून काढायला आलेली साधी चिठ्ठी होती.

पण त्या पट्टीचं कौतुक करताना तिच्यावर काय लिहिलं नव्हतं तेही पाहायला हवं. युनायटस मागे सात पावलं हटून संपूर्ण मैदान वाचायचा आणि रेमंड बेरी, जिमी ऑर, जॉन मॅकी यांतला कोण मोकळा आहे ते हेरायचा. मॅटीकडून ती अपेक्षाच ठेवली गेली नाही. त्याने एका बाजूला सरकत जायचं. सरकताना अर्धं मैदान आपोआप डोळ्यांआड होतं आणि बघायला फक्त उरलेलं अर्धं राहतं. कुणी मोकळा दिसला तर छोटी फेक, नाहीतर स्वतः पळायचं. बाकी वेळ चेंडू लेनी मूर आणि जेरी हिल यांच्या हातात. खेळाडूला साच्यात कोंबण्याऐवजी साचाच खेळाडूच्या मापाने कापला गेला, आणि तेही एका आठवड्यात. याबद्दल शुलांना पुरेसं श्रेय मिळालेलं नाही.

लॉस एंजेलिस, १८ डिसेंबर

रॅम्स त्या मोसमात दुबळा संघ होता, पण त्यांच्या बचावाची पहिली फळी मुळीच दुबळी नव्हती. डीकन जोन्स, मर्लिन ओल्सन, रोझी ग्रिअर, लमार लंडी. अशा चौघांसमोर नवख्या क्वार्टरबॅकने मागे हटून उभं राहणं म्हणजे जाणूनबुजून मार खाणं. मॅटी उभा राहिलाच नाही. तो पळाला, स्वतः ९९ यार्ड. फेकीने संघाला मोठा हात दिला तो ब्राउनने: आल्या आल्या जॉन मॅकीला दिलेला ६८ यार्डांचा टचडाउन पास. कोल्ट्स २०-१७ असे जिंकले.

एवढ्यानेही पुढची वाट मोकळी झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी पॅकर्स सॅन फ्रान्सिस्कोत जिंकले असते तर कोल्ट्सचा मोसम तिथेच संपला असता. तो सामना २४-२४ असा बरोबरीत सुटला. दोन्ही संघ १० विजय, ३ पराभव, १ बरोबरी. पश्चिम विभागाचा विजेता ठरवायला नाताळच्या दुसऱ्या दिवशी ग्रीन बेला सामना ठरला. मोसमात पॅकर्सने कोल्ट्सना दोनदा हरवलेलं होतं.

ग्रीन बे, २६ डिसेंबर

पॅकर्सच्या पहिल्याच चालीत त्यांचा क्वार्टरबॅक बार्ट स्टारने बिल अँडरसनला पास दिला. लेनी लाइल्सच्या धडकेने चेंडू सुटला, डॉन शिनिकने तो उचलला आणि २५ यार्ड पळत टचडाउन केला. त्याला अडवायच्या झटापटीत स्टारच्या बरगड्यांना मार बसला आणि तो आक्रमणातून बाहेर गेला. त्या दिवशी पुढे तो फक्त किकसाठी चेंडू धरायला आत येत राहिला. त्याच्या जागी आला झीक ब्रॅटकॉव्स्की.

इथे हे प्रकरण अभ्यासाला फार चांगलं होतं. दोन्ही संघांचे पहिले क्वार्टरबॅक बाहेर. एकीकडे १९५४ पासून लीगमध्ये असलेला, हेच काम करणारा बदली खेळाडू. दुसरीकडे क्वार्टरबॅक म्हणून घाईने तयार केलेला हाफबॅक. ब्रॅटकॉव्स्कीने ३९ पैकी २२ पास पुरे करून २४८ यार्ड मिळवले, दोन चेंडू कोल्ट्सच्या हाती दिले. मॅटीने १२ पैकी ५ पास पुरे केले, ४० यार्ड मिळवले आणि स्वतः १७ वेळा पळून ५७ यार्ड कमावले. सपक वाटणारे हे आकडे त्या दिवशी जवळजवळ पुरले.

मध्यंतराला कोल्ट्स १०-० असे पुढे होते. लू मायकल्सने १५ यार्डांवरून एक फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक, तीन गुण) मारला होता, आणि पॅकर्स अगदी गोलरेषेपर्यंत येऊन रिकाम्या हाताने परतले होते. प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डींच्या पॅकर्सना स्वतःच्या मैदानावर अर्धा सामना एकही गुण मिळू नये, हे त्या वेळी कुणी पैजेवर सांगितलं नसतं.

तिसऱ्या सत्रात घसरण सुरू झाली, आणि ती मॅटीच्या हातून झाली नाही. कोल्ट्स पंट करत असताना स्नॅप बिघडला आणि पंटर टॉम गिलबर्ग चेंडू न मारताच कोल्ट्सच्या ३५ यार्ड रेषेवर अडवला गेला. ब्रॅटकॉव्स्कीने कॅरल डेलला लांब पास देऊन चेंडू एका यार्डावर आणला. तिथून हॉर्नंग आत शिरला. १०-७.

न फेकणाऱ्या संघाची गोची अशा वेळी उघडी पडते. आघाडी असेपर्यंत पळण्याने घड्याळ खर्ची पडतं, म्हणजे पळणं फायद्याचंच. पण समोरच्याला एकदा खात्री पटली की चेंडू हवेतून येणार नाही, की तो मागचे रक्षक पुढे आणून लाइनजवळ गर्दी करतो. मग पहिल्या दोन डाउनमध्ये तीन-चार यार्ड मिळतात आणि तिसऱ्या डाउनला सहा-सात यार्ड शिल्लक राहतात. पट्टीवरची चाल तेवढं देऊ शकत नाही. पंट करावा लागतो, आणि थकलेला बचाव पुन्हा मैदानात. कोल्ट्सचा बचाव त्या दिवशी अप्रतिम खेळला, पण दर वेळी तोच परत परत मैदानात जात होता.

ती किक

शेवटची १ मिनिट ५८ सेकंदं उरली असताना डॉन चँडलरने २२ यार्डांवरून फील्ड गोल मारला. पंचांनी हात वर केले. १०-१०. चँडलरने स्वतः मान अशी झटकली की पाहणाऱ्याला किक हुकल्यासारखं वाटावं, आणि कोल्ट्सच्या खेळाडूंनी ती उजव्या खांबाच्या बाहेरून गेली असं आयुष्यभर सांगितलं.

हा वाद का मिटत नाही याचं कारण खांबांच्या मापात आहे. तेव्हा गोलपोस्ट थेट गोलरेषेवर असायचे, म्हणजे २२ यार्डांची किक साधारण १५ यार्ड रेषेवरच्या स्नॅपनंतर मारलेली. आडवा दांडा जमिनीपासून १० फूट, दोन खांबांमधलं अंतर १८ फूट ६ इंच, आणि दांड्याच्या वर उभे खांब जेमतेम १० फूट. जवळून जोरात मारलेला चेंडू गोलरेषेपर्यंत येईस्तोवर खांबांच्या टोकांच्याही वर चढलेला असतो. मग पंचाला नसलेला खांब मनात वर खेचून चेंडू त्याच्या आतून गेला की बाहेरून, हे ठरवावं लागतं. त्यात किक जवळून असल्याने चेंडू वेगात, आणि दिवस हिवाळ्याचा. किक आत होती की बाहेर, यावर मी ठाम बोलणार नाही. एवढंच म्हणेन की त्या साधनांनी कुणालाही ते नीट सांगता आलं नसतं. पुढच्याच मोसमात, १९६६ ला, खांब दांड्याच्या वर २० फुटांपर्यंत नेले आणि भडक पिवळे रंगवले गेले. १९७४ मध्ये ते ३० फूट झाले आणि मागच्या रेषेवर गेले, २०१४ मध्ये ३५ फूट.

जादा वेळेत कोल्ट्सना एक संधी आली. मॅटीने संघाला पुढे नेलं, पण मायकल्सची ४७ यार्डांची किक हुकली. मग पॅकर्स परत आले आणि चँडलरने २५ यार्डांवरून मारली. ही मात्र निर्विवाद आत होती. जादा वेळेची १३ मिनिटं ३९ सेकंदं झाली होती. १३-१०. आठवडाभरानंतर, २ जानेवारीला, पॅकर्स क्लीव्हलँडला २३-१२ असं हरवून विजेते झाले.

हरण्याचं कारण विचारलं की बहुतेक जण त्या किककडे बोट दाखवतात. माझ्या मते हिशेब वेगळा आहे. जवळजवळ ७४ मिनिटांच्या खेळात कोल्ट्सच्या आक्रमणाने तीन गुण केले. बाकीचे सात बचावाने आणले होते. मॅटीच्या जागी क्वोझो असता तर ती किक निर्णायक ठरण्याची वेळच आली नसती. पण मॅटी नसता तर कोल्ट्स ग्रीन बेपर्यंत पोचलेच नसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

ग्रीन बेनंतरचे दोन आठवडे या प्रकरणात अनेकदा गाळले जातात, आणि मला तोच भाग सर्वांत बोलका वाटतो. ९ जानेवारी १९६६ ला मायामीत विभागांतल्या उपविजेत्यांचा सामना होता. समोर डॅलस काउबॉइज. मॅटीच पुन्हा क्वार्टरबॅक. कोल्ट्स ३५-३ असे जिंकले आणि मॅटीने जिमी ऑरला दोन टचडाउन पास दिले. ज्याला सहा दिवसांत फेकणं जमलं नाही, त्याला चौथ्या आठवड्यात जमू लागलं होतं. सरावाचे दिवस आणि कामगिरी यांचं नातं इतकं स्पष्ट क्वचितच पाहायला मिळतं.

नंतरचा मॅटी

युनायटस परतला आणि मॅटी आपल्या जागेवर गेला. त्यानंतरची त्याची कारकीर्द कामचलाऊ मुळीच नव्हती. १९६८ च्या एनएफएल अंतिम सामन्यात क्लीव्हलँडविरुद्ध त्याने तीन टचडाउन केले. कोल्ट्स ३४-० असे जिंकले. त्यानंतरच्या तिसऱ्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अखेरच्या विजेतेपदाच्या सामन्यात, न्यूयॉर्क जेट्सने कोल्ट्सना १६-७ असा धक्का दिला. तो सामना जेट्सचा क्वार्टरबॅक जो नेमथ याच्या नावावर जमा आहे, पण त्यात मॅटीने फक्त ११ वेळा पळून ११६ यार्ड काढले, त्यातली एक धाव ५८ यार्डांची. मध्यंतराआधी एका फसव्या चालीत त्याने चेंडू घेऊन पुन्हा मागे क्वार्टरबॅक अर्ल मोरॉलकडे टाकला. जिमी ऑर एंड झोनजवळ (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्याजवळ) एकटा हात हलवत उभा होता. मोरॉलला तो दिसला नाही, त्याने मधोमध फेकलं आणि जिम हडसनने ते अडवलं. १९६९ मध्ये मॅटीने ९०९ यार्ड आणि पळून ११ टचडाउन केले. टचडाउनच्या त्या यादीत तो लीगमध्ये पहिला होता. १९७२ पर्यंतची सगळी बारा वर्षं तो बाल्टिमोरलाच खेळला: पळून ४,६४६ यार्ड, २४९ झेल. २ नोव्हेंबर २०२१ ला, ८२ व्या वर्षी त्याचं निधन झालं. बहुतेक ठिकाणी त्याची ओळख मनगटावरच्या पट्टीपासून सुरू झाली, आणि खूपदा तिथेच थांबली. बारा वर्षांच्या अशा हाफबॅकसाठी हे थोडं अन्यायाचं आहे.

हीच परिस्थिती नंतर दोनदा ठळकपणे आली. २९ नोव्हेंबर २०२० ला कोविडच्या नियमांमुळे डेन्व्हर ब्रॉन्कोसचे सगळे क्वार्टरबॅक एकदम बाहेर बसले आणि केंडल हिंटन या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, उभं करावं लागलं. विद्यापीठात तोही क्वार्टरबॅक होता. पण त्याला मिळाला जेमतेम एक दिवस. ९ पैकी १ पास, १३ यार्ड, दोन चेंडू समोरच्यांच्या हाती, आणि न्यू ऑर्लीन्सकडून ३१-३ असा पराभव. मग जानेवारी २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे दोन्ही क्वार्टरबॅक फिलाडेल्फियाविरुद्ध एकाच सामन्यात जखमी झाले. त्याच वर्षी एनएफएलने नियम बदलला. आता तिसरा क्वार्टरबॅक सामन्याच्या दिवशीच्या यादीत न मोजता तयार ठेवता येतो, मात्र आधीचे दोघं जखमी झाले किंवा बाद ठरले तरच त्याला उतरता येतं, आणि त्यातला एक जण खेळण्याजोगा झाला की त्याला परत बाहेर जावं लागतं.